शाळेच्या आनंद मेळाव्यासाठी गळाच्या माश्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली तीन वर्षं डिसेंबरात आमच्या मुलांच्या शाळेच्या आनंद मेळाव्यात आम्ही सहा-सात पालक गळाच्या माश्यांचा स्टॉल लावतो. पैसे वाचनालयाच्या पुस्तकांसाठी जातात. माश्या बांधायला मी नोकरीच्या निमित्तानं कुलू भागात होतो तेव्हा, तीर्थन नदीच्या काठी शिकलो. नागपुरात परतल्यावर हा हात वाया जाणार असं वाटलं होतं. आता दर वर्षी सप्टेंबर उजाडला की इतर शाळांतले पालक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

गळाची माशी म्हणजे काय? खरी माशी असते का?

नाही. गळावर दोरा, लोकर आणि पीस गुंडाळून केलेलं ते खोटं आमिष. पाण्यात पडलेला किडा, अळी किंवा बोटभर मासोळी आहे असं माशाला वाटावं, एवढाच त्याचा उद्देश. इंग्रजीत त्याला फ्लाय म्हणतात, म्हणून आपण माशी म्हणतो. पहिल्या वर्षी आम्ही फळ्यावर नुसतं ‘माश्या विकणे आहे’ लिहिलं होतं. एक आजी नाकाला पदर लावून पुढे निघून गेल्या. तेव्हापासून ‘गळाच्या’ हा शब्द ठळक लिहितो.

हा उद्योग जुना आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या कोळ्यांचं वर्णन लिहून ठेवलंय: गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि वर कोंबड्याच्या मानेखालची दोन पिसं बांधायची. आमची सामानाची यादी आजही जवळपास तीच आहे.

नागपुरात हे घेणार कोण? इथे कुणाकडे माशी फेकायची काठी आहे?

खरा प्रश्न हाच, आणि बहुतेक लोक तो शेवटी विचारतात. आम्हीही आधी विचारला नाही. पहिल्या वर्षी नव्वद माश्या बांधल्या, सगळ्या गळाच्या, सगळ्या मासेमारीसाठी. विकल्या गेल्या एकवीस. लोक थांबायचे, हातात घ्यायचे, ‘काय बांधून राह्यले भाऊ, भारी दिसते’ म्हणायचे आणि शेजारच्या तर्री पोह्याच्या स्टॉलकडे वळायचे. त्यांचंही बरोबर होतं. घरी नेऊन त्या गळाचं करायचं काय?

दुसऱ्या वर्षी तीच माशी मोठ्या सेफ्टी पिनेवर बांधली आणि ओढणीला, टोपीला, दप्तराला लावायचा ब्रोच म्हणून ठेवली. मोठ्या सुट्टीच्या आत निम्मा माल संपला. म्हणून आता आम्ही अर्ध्याहून जास्त माल बिनगळाचा करतो. उरलेला माल गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींसाठी. असे लोक नागपुरात आहेतच, अंबाझरी-फुटाळा तलावांच्या काठावर संध्याकाळी दिसतात. त्यातले काही उन्हाळ्यात हिमाचल-उत्तराखंडला ट्राउट आणि महसीरसाठी जातात. ते मोजकेच येतात, पण आले की दहा-दहा नग घेतात आणि गाठ नखानं ओढून बघतात.

एवढ्याशा पिसानं मासा खरंच लागतो?

लागतो, पण साध्या काठीनं ती फेकता येत नाही. माशीला वजनच नसतं. फ्लायच्या काठीत वजन असतं ते जाड दोरीला, आणि ती दोरी माशीला ओढत नेते. साधी रीळवाली काठी असेल तर पुढे पाणी भरायचा पारदर्शक फ्लोट लावायचा आणि त्याच्यामागे तीन-चार फुटांवर माशी.

आपल्याकडच्या पाण्यात तिलापिया लहान माश्यांवर येतो. मरळ पाण्यावर तरंगणाऱ्या फोमच्या माशीवर बेडूक समजून झडप घालते. रोहूची खात्री कुणाला देऊ नका, तो मुख्यतः शेवाळ-पाल्यावर जगणारा मासा आहे. गिऱ्हाईक ‘कतला लागेल ना?’ असं विचारतं तेव्हा ‘हो हो’ म्हणायचा मोह होतो. म्हणू नका, पुढच्या वर्षी तो माणूस पुन्हा समोर उभा असतो.

आणखी एक सांगायचं असतं. आपल्याकडचे बरेचसे तलाव मच्छीमार संस्थांकडे ठेक्यानं असतात, काठावर बसण्याआधी विचारावं. तोतलाडोह धरणाचं पाणी पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे गळ टाकणं गुन्हा आहे. आम्ही हे माशीसोबतच्या चिठ्ठीवरच छापतो.

किती प्रकार करायचे?

तीन. चौथ्याचा विचारही करू नका. यूट्यूब बघून पालक वीस नमुन्यांची यादी आणतात आणि एकही धड होत नाही. एकच माशी तीस वेळा बांधली की तिसावी विकण्याजोगी होते.

आमचे तीन असे. पहिली गांडूळ माशी. अमेरिकेतल्या सान हुआन नदीच्या नावानं ती ओळखली जाते. मखमली लोकरीचा दोन इंच तुकडा गळाच्या दांड्यावर मधोमध घट्ट बांधायचा, दोन्ही टोकं मोकळी, टोकं लायटरनं जराशी चटकावून गोल करायची. चटकावण्याचं काम मोठ्यांचं. सहावीतलं मूल पाच मिनिटांत शिकतं.

दुसरा फोमचा भुंगा. दोन मिलिमीटर जाडीच्या काळ्या फोम शीटची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी गळाच्या वाकापाशी बांधायची, दांड्यावर काळी लोकर गुंडाळायची, पट्टी पाठीवरून पुढे आणून डोळ्यामागे (डोळा म्हणजे गळाचं दोरी ओवायचं भोक) बांधायची. दोन्ही बाजूंना रबरी दोऱ्याचे पाय. पाठीवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला की मुलं त्याला लेडीबग म्हणून घेतात. पाण्यावर तो तरंगतो, कारण फोममध्ये हवा असते.

तिसरी वूली बगर. विक्रीत तीच सगळ्यांच्या पुढे असते. खाली तिच्याबद्दल सविस्तर लिहिलंय.

वूली बगर कशी बांधायची?

आठ नंबरचा लांब दांड्याचा गळ घ्या. गळाचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तितका गळ लहान. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला लावलेल्या पकडीत, गळ पकडा, डोळा उजवीकडे. दोरा आपल्याकडून वरून पलीकडे, पलीकडून खालून आपल्याकडे, असा डोळ्यापासून वाकापर्यंत एकाला एक लागून गुंडाळा. हा पाया. तो न घालता बांधलेलं सगळं दांड्यावर गरगर फिरतं.

आता शेपूट. कोंबडीच्या मांडीजवळचं मऊ, फुलणारं पीस दांड्याच्या लांबीएवढं मागे राहील असं बांधा. त्याच जागी तीन गोष्टी अडकवा: लोकरीचं टोक, तांब्याची बारीक तार, आणि कोंबड्याच्या मानेचं लांब पीस, टोकाकडून. दोरा पुढे डोळ्याजवळ आणा. आता लोकर गुंडाळत पुढे या आणि बांधा. मग मानेचं पीस पाच-सहा वेढ्यांत, मध्ये फट ठेवत, पुढे आणा आणि बांधा. त्याचे केस चहूबाजूंनी उभे राहतात, पाण्यात तेच हलतात. शेवटी तार उलट्या दिशेनं पिसावरून फिरवत पुढे आणा. उलट्या दिशेनं अशासाठी की प्रत्येक वेढा पिसाच्या दांडीला आडवा दाबतो. माशाच्या दातानं एका ठिकाणी पीस तुटलं तरी सगळं उलगडत नाही.

डोळ्यामागे डोळ्याएवढी जागा रिकामी ठेवा. हे वाक्य मी दर वर्षी पन्नास वेळा म्हणतो. सगळे जण पुढे सरकत सरकत डोळ्यावरच चढतात आणि गाठ मारायला जागा उरत नाही. ज्याला जागा उरली त्याचं डोकं नीट गोल होतं. रिकाम्या बॉलपेनच्या नळीवर दोऱ्याचा फास घ्यायचा, नळीचं तोंड गळाच्या डोळ्यावर बसवायचं आणि फास मागे सरकवायचा, झाली अर्धी गाठ. अशा चार गाठी मारा आणि वर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब.

एकच थेंब. पहिल्या वर्षी मी उत्साहात बाटलीचा ब्रशच फिरवला आणि चाळीसेक माश्यांचे डोळे बुजले. कळलं ते स्टॉलवर, एका गृहस्थानं दोरी ओवून बघितली तेव्हा. आता पॉलिश सुईच्या टोकानं लावतो आणि ओलं असतानाच डोळ्यातून एक पीस आरपार ओढतो.

नागपूरची म्हणून आम्ही बगर संत्र्याच्या रंगात करतो, शेपटाशी दोन हिरवी पिसं. ‘संत्रा’ या नावानंच ती जाते.

सामान कुठे मिळतं?

गळ मासेमारीच्या दुकानात किंवा ऑनलाइन. बाकी सगळं इतवारी-गांधीबागेत एका फेरीत होतं: लोकर, जरीचा धागा, मणी, सेफ्टी पिना. फोम शीट कुठल्याही स्टेशनरीत. तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे, जळालेल्या पंख्याची मागितली तर तो फुकट देतो. वजनासाठी शिशाची तार वापरा असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. मुलांच्या हातात शिसं देऊ नका, पितळी मणी ओवा.

दोरा साधा पॉलिएस्टरचा, शिलाईचा, मिळेल तितका बारीक. सुती नको, पाण्यात कुजतो.

संक्रांतीचा उरलेला मांजा चालेल?

नाही. नायलॉन मांजावर बंदी आहे, तो घरात सापडला तर मुलांच्या हाती देण्याऐवजी शाळेत जमा करा. काचेचा मांजा बोटही कापतो आणि पीसही.

पिसं कुठून आणता?

चिकनच्या दुकानातून, पण ब्रॉयलरची नव्हेत. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापला जातो, त्याच्या मानेची पिसं तोवर धड वाढलेलीच नसतात. गावरान कोंबड्याची मान सांगून ठेवावी लागते. आमचा मोमिनपुऱ्यातला दुकानदार आधी हसला, आता रविवारी पिशवी भरून ठेवतो आणि ‘तुमच्या माश्या कश्या हायेत’ विचारतो.

पिसं घरी आणली की कोमट पाण्यात शाम्पू घालून दोनदा धुवायची, जुन्या ओढणीत बांधून सावलीत वाळवायची, मग झिप पिशवीत घालून दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये. फ्रीजर कशाला, असं घरून विचारलं जातंच. पिसांत कसर असते. मी पहिल्या वर्षी न धुतलेली पिसं बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती. महिन्यानं डबा उघडला तर आत नुसत्या दांड्या आणि भुसा. बर्ड फ्लूची बातमी असेल त्या दिवसांत दुकानातून पिसं आणायची नाहीत, पाकिटबंद घ्यायची.

रंगवायचं तर जिलबीचा रंग आणि व्हिनेगर. पाणी गरम हवं पण उकळतं नको, उकळत्या पाण्यात पीस आक्रसतं. वीस मिनिटं बुडवून ठेवलं की रंग बसतो. हळदीनंही छान पिवळा येतो, फक्त उन्हात उडतो.

मोराची किंवा रानात सापडलेली पिसं वापरली तर?

परदेशी पुस्तकांत मोरपिसाच्या दशा (पिसाचे सुटे केस) पानोपानी असतात, त्यामुळे हा मोह होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार मोर संरक्षित पक्षी आहे. आपोआप गळलेल्या शेपटीच्या पिसांना देशात मुभा आहे, पण ती परदेशी नेता येत नाहीत, आणि हातातलं पीस गळलेलं की उपटलेलं हे स्टॉलवर कोण सिद्ध करणार? नीळकंठ, खंड्या, घुबड यांचं सापडलेलं पीसही वापरायचं नाही. रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसं एके काळी आपल्याकडून पेट्या भरभरून विलायतेला सॅमन माशाच्या माश्यांसाठी जात. आता तो पक्षीही संरक्षित आहे. शाळेच्या नावानं विकायच्या वस्तूत ही भानगड नकोच. मोराच्या दशेऐवजी हिरवट-काळी लोकर जरीच्या धाग्याबरोबर पिळून घ्या, दोन हातांवरून फरक कळत नाही.

व्हाइस महाग आहे. काही जुगाड?

लॉकिंगवाला ग्रिप प्लायर सी-क्लॅम्पनं टेबलाच्या कडेला आडवा आवळा. आमची अर्धी मुलं त्यावरच शिकली. दोऱ्याला ताण हवा म्हणून कपड्यांचा चिमटा लटकवून ठेवायचा, हात सोडला तरी दोरा उलगडत नाही.

जागेबद्दल एक अनुभव. एप्रिलमध्ये तयारी सुरू करायची हुशारी आम्ही एकदा केली. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत कूलर बंद ठेवता येईना, आणि कूलर सुरू केला की पिसं थेट स्वयंपाकघरात. वरणात सापडलेलं संत्री पीस घरात अजून निघतं बोलण्यात. पावसाळा संपल्यावरच बसा.

कितवीतली मुलं चालतील?

सहावीपासून पुढे, आणि चार मुलांमागे एक मोठं माणूस. पाचवीतल्यांना सेफ्टी पिनेवरच्या माश्या द्या. उघड्या टोकाचा गळ त्यांच्या टेबलावर येऊ देत नाही.

मुलांच्या हातात पडण्याआधी प्रत्येक गळाचा टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करायचा. हे मी स्वतः करतो, कुणावर सोपवत नाही. माशीची कीचेन करायची म्हणून गळाचं टोक कापायचं असेल तर चष्मा लावून, आणि कटर व गळ दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून कापायचं. तुटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. सत्र संपलं की गळ मोजून परत. एकदा एक गळ कमी भरला आणि आम्ही सगळे अर्धा तास सतरंजी झटकत होतो. तो माझ्याच स्वेटरला होता.

गळ बोटात रुतला तर?

काटा दाबलेला असेल तर ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं अलगद परत निघतो. साबणानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा. काटा दाबलेला नसेल, खोल असेल किंवा डोळ्याच्या आसपास असेल तर हात लावू नका, तसंच डॉक्टरकडे न्या.

किंमत किती ठेवायची?

गेल्या वर्षीचा आमचाच हिशोब सांगतो. गळाच्या माशीला खर्च १२ रुपये (गळ ५, लोकर-दोरा-पीस ४, पॅकिंग ३), विक्री ५० ला. ब्रोचला खर्च १४, विक्री ८० ला. गळाच्या ६४ केल्या, ३८ गेल्या. ब्रोच ७६ केले, ७१ गेले. हाती आले ७,५८० रुपये, खर्च १,८३२, वाचनालयाला ५,७४८. मेहनतीचा दर लावला तर हा धंदा बुडीतच आहे. सहा शनिवारांचं काम होतं ते. पण चिवड्याच्या स्टॉलनंही साधारण एवढेच मिळवले, आणि त्यांना पहाटे चारला उठावं लागलं.

पॅकिंग कसं करता?

काडेपेटी. आत फोमचा तुकडा, त्यात माशी खोचलेली, वर मुलांनी रंगवलेला कागद. आतल्या चिठ्ठीवर माशीचं नाव, गळाचा नंबर, बांधणाऱ्याचं पहिलं नाव आणि ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’. गळाची माशी आम्ही मोठं माणूस सोबत असल्याशिवाय मुलाला विकत नाही, कितीही रडलं तरी.

आणि स्टॉलची जागा खाण्याच्या स्टॉलपासून लांब मागा. तर्री लागलेल्या बोटांनी हाताळलेलं पांढरं पीस पुन्हा पांढरं होत नाही.

काही पालक म्हणतात, शाळेत जीवहत्या कशाला शिकवता?

म्हणतात, आणि मला त्यांचं म्हणणं उडवून लावावंसं वाटत नाही. दुसऱ्या वर्षी एका जैन मैत्रिणीनं मुलाला येऊ दिलं नाही, पण स्वतः येऊन म्हणाल्या, पिसं नसतील तर पाठवते. तेव्हापासून एक टेबल निव्वळ लोकर, फोम आणि जरीचं असतं, सगळं पिनेवर. त्या टेबलावरचा भुंगा सगळ्यांत देखणा होतो हे गळवाल्यांनाही कबूल आहे. विदर्भात तलावांवर जगणारा ढीवर समाज आहे, वर्गात त्यांचीही मुलं असतात. त्यांच्या घरच्या कामाला ‘हत्या’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. म्हणून दोन टेबलं, आणि मूल कुठे बसेल ते घरचे ठरवतात.

पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे?

शाळेच्या. क्यूआर कोड शाळेच्या खात्याचाच लावा, कुठल्याही पालकाचा नको. रोख पैशांना पावती पुस्तक, आणि संध्याकाळी दोघांनी मिळून मोजणी.

उरलेल्या माश्यांचं काय करता?

पुढच्या वर्षी विकतो. डब्यात डांबराच्या गोळ्या घालू नका, आत थर्माकोल असेल तर ते त्यांनी विरघळतं. वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवतो आणि दिवाळीच्या सफाईत डबा एकदा उघडून बघतो. पीस झडलेली असेल तिची लोकर-पीस ब्लेडनं खरवडून काढायची, गळ पुन्हा कामाला येतो. गेल्या वर्षीच्या सव्वीस गळाच्या माश्यांतल्या नऊ अशाच खरवडल्या, त्यावर आता संत्रा बांधणं चालू आहे.